सबब

आधारकार्ड शोधत होते,
सिव्हिलला केसपेपर काढायचा होता म्हणून.
पत्र्याच्या पेटीत, सुताच्या जुन्या पावत्यांखाली
प्लास्टिकच्या पिशवीत हा कागद.
साखर पेठेतलं घर अंबादासला.
चार माग आणि शेड रघुरामला.
आणि तळाशी, शिक्क्याच्या जरा वर, मी:
मुलगी कनकलक्ष्मी हिच्या लग्नात यथाशक्ती खर्च केला आहे,
सबब तिचा कोणताही हक्क राहिलेला नाही.

सबब.
अम्माच्या हजार विड्यांतल्या दोनशे माझ्या असायच्या.
कमी पडल्या की नायना हाच शब्द काढायचे.
पान वाळलं होतं, कात्री लागली, अंगात ताप होता.
सबब सांगू नको.

यथाशक्ती म्हणजे एक कपाट, एक शिलाई मशीन
आणि बारा चादरी, त्यातल्या तीन डागी.
विकायच्या विरल्या कधीच.
डागी अजून अंगावर घेतो आम्ही.

कागद होता तसा दुमडला.
आधारकार्ड त्यांच्या उशीखाली निघालं.

पाचव्या दिवशी पाणी येतं, रात्री दोनच्या पुढे कधीतरी.
विडी घरकुलातून शेअर रिक्षाने येते,
रात्रीची इथेच राहते.
अंबादास भिवंडीहून फोन करतो, काही लागलं तर सांग.
रघुरामने माग गेल्या वर्षीच किलोवर घातले,
शेडमध्ये आता कोणाच्या तरी मंडपाच्या खुर्च्या असतात.
नायनांना हे माहीत नाही.
आज आवाज नाही, म्हणतात.
लाईट गेलीय, म्हणते मी.
दोन वर्षं गेलीय लाईट.

मार्चमध्ये घरपट्टीच्या रांगेत उभी राहिले.
खिडकीतल्याने विचारलं, मालकाशी नातं?
मुलगी.
पावती त्यांच्याच नावाची निघाली,
नेऊन त्याच पेटीत ठेवली. त्याच कागदावर.

एकदा नखं काढताना खोल गेलं, रक्त आलं.
मुद्दाम नाही केलं.
अगदीच मुद्दाम नाही, असंही नाही.
हळद दाबून धरली बोटावर,
तेव्हा ते म्हणाले, राहू दे बे, जॉबरची बोटं आहेत,
मागाने याहून जास्त खाल्लंय.

माझी पोरगी विचारते, तू का जातेस गं?
मग एकेक आठवत बसते मी:
पाण्याचा वार आहे.
गोळ्या कुणाला कळत नाहीत.
भाकरी चावत नाही त्यांना, दुधात कुस्करून द्यावी लागते,
आणि शेंगाचटणी लपवून ठेवावी लागते, नाहीतर डबा पुसून खातात.
ती ऐकून घेते.
या सगळ्या सबबी झाल्या अम्मा, म्हणते.

परवा अंग पुसताना हात धरला माझा.
कोण तू?
कामाला आलेय, म्हटलं. चिडले होते.
रोज किती देतात?
काही नाही देत.
बराच वेळ छताकडे बघत राहिले.
मग तेलगूत, अगदी हळू,
मुकादमाची चहाडी सांगावी तसं म्हणाले,
सोड हे काम. हे लोक फसवतात.

हसू आलं. बादली घेऊन मोरीत गेले
आणि तिथे बराच वेळ नळ नसताना नळाशी बसले.

परत आले तर माझा पदर उशाशी राहिलेला,
म्हणजे टॉवेल समजून मीच ठेवलेली जुनी साडी.
काठाला एक धागा तुटलेला.
डोळे मिटलेले, आणि बोटं
धाग्याचं दुसरं टोक शोधत होती.
सापडलं. चिमटीत धरलं,
थुंकी लावली, पीळ दिला,
गाठ मारली, उरलेलं दाताने तोडायला गेले, दात नाहीत.
मी कापून दिलं, माझ्या विडीच्या कात्रीने.

अंगठा फिरवून बघितला त्यांनी,
कापडावर गाठ लागते का म्हणून.
लागली असावी. कपाळाला आठी पडली.

मोटार लावते. पाणी आलंय.